आनुवंशिक मूत्रपिंडविकार आणि पुटकांतील जंतुसंसर्ग

पोलंडचा राजा स्टीफन बाथोरी हा १५८६ च्या डिसेंबर महिन्यात ग्रोड्नो येथे अल्पशा आजारानंतर मरण पावला. शवविच्छेदनाच्या वेळी त्याच्या शल्यवैद्याला राजाची मूत्रपिंडे बैलाच्या मूत्रपिंडांसारखी मोठी आणि पृष्ठभागी उंचसखल झालेली आढळली. वैद्यकाच्या इतिहासकारांच्या मते, आज ज्याला आपण ‘पॉलिसिस्टिक किडनी’ म्हणतो त्या विकाराचेच हे वर्णन असावे. विकाराला हे नाव मात्र त्यानंतर तीनशे वर्षांनी, १८८८ मध्ये, फेलिक्स लेजार या फ्रेंच वैद्याने दिले. आणि तो घराण्यातून कसा उतरतो याचा उलगडा डेन्मार्कमधील डॉ. ओव्ह डालगार्ड यांनी २८४ रुग्ण व त्यांचे नातेवाईक यांचा चिकाटीने मागोवा घेऊन १९५७ मध्ये केला.

हा विकार दुर्मिळ आहे असा समज असल्यास तो दूर केला पाहिजे. साधारणतः एक हजार ते अडीच हजार व्यक्तींमागे एकाला तो असतो. म्हणजे मोठ्या लोकवस्तीच्या एखाद्या तालुक्यात अशा शंभराहून अधिक व्यक्ती असू शकतात आणि त्यांपैकी अनेकांना त्याची जाणीवही नसते. रक्तदाब वाढला म्हणून, लघवीतून रक्त गेले म्हणून, किंवा भलत्याच कारणासाठी पोटाची सोनोग्राफी केली असता तो अवचित उघडकीस येतो. त्याच्या अनेक उपद्रवांपैकी एकाचाच विचार येथे करावयाचा आहे. तो म्हणजे मूत्रपिंडातील द्रवाने भरलेल्या पिशव्यांमध्ये होणारा जंतुसंसर्ग. हा उपद्रव वेळीच ओळखला तर बरा होतो. ओळखला नाही किंवा अर्धवट उपचारांवर सोडला तर तो प्राणावर बेततो. आणि तो ओळखण्यात व त्यावर औषध देण्यात काही अशा अडचणी आहेत, की ज्या समजून घेतल्यावाचून रोग्याला आपल्या डॉक्टरांचे म्हणणे पटणे कठीण जाते.

पुटके कशी निर्माण होतात?

निरोगी माणसाचे मूत्रपिंड सुमारे १० ते १२ सेंटिमीटर लांब आणि दीडशे ग्रॅमच्या आसपास वजनाचे असते. त्यात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असून प्रत्येक गाळणीला एक नागमोडी नलिका जोडलेली असते. या नलिकांच्या भिंतीतील पेशींना नलिकेचा आकार राखण्याची जी सूचना मिळते, तिच्याशी निगडित असलेली दोन प्रथिने दोन जनुकांच्या आदेशानुसार तयार होतात. पहिले जनुक सोळाव्या गुणसूत्रावर आहे; ते १९९४ मध्ये सापडले. दुसरे चौथ्या गुणसूत्रावर असून त्याचा शोध १९९६ मध्ये लागला. यांपैकी एकात दोष असला की काही थोड्या नलिकांच्या भिंतीला फुगवटे येऊ लागतात, त्यांत द्रव साचतो आणि पाण्याने भरलेल्या फुग्यासारख्या लहानमोठ्या पिशव्या तयार होतात. डॉक्टर तिला सिस्ट म्हणतात. या लेखात आपण तिला पुटक म्हणू.

दोष आला तो आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून. दोघांपैकी एकाला विकार असला तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते, मग अपत्य मुलगा असो वा मुलगी. चार मुले असली म्हणजे दोघांना होईल व दोघे सुटतील, असा याचा अर्थ नव्हे. नाणे प्रत्येक वेळी नव्यानेच उडवले जाते. एखाद्या घरात चारही भावंडे सुटतात, तर एखाद्या घरात एकही सुटत नाही. शिवाय सुमारे दहा ते पंधरा टक्के रुग्णांच्या घराण्यात पूर्वी कोणालाच हा विकार झाल्याचे आढळत नाही.

पुटके बालपणापासून असली तरी ती वाढतात अत्यंत संथपणे. तिशी-चाळिशीपर्यंत अनेकांना काहीच जाणवत नाही. पुढे एकेका मूत्रपिंडात शेकडो पुटके होतात, त्यांच्या दाबाने निरोगी भाग चेपत जातो आणि मूत्रपिंडाचे वजन काही किलोग्रॅमपर्यंत जाऊ शकते. सुमारे निम्म्या रुग्णांची मूत्रपिंडे वयाच्या साठीपर्यंत निकामी होतात.

यातील एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढील सारे विवेचन तिच्यावर आधारलेले आहे. पुटक आरंभी आपल्या नलिकेला जोडलेले असते. ते सुमारे दोन मिलिमीटरहून मोठे झाले की बहुतेक पुटकांचा नलिकेशी असलेला संबंध तुटतो. मग ते एक चहूबाजूंनी बंद पात्र होऊन बसते. मूत्राचा प्रवाह त्यात येत नाही आणि त्यातला द्रव मूत्रात जात नाही. आत जे काही जाईल ते त्याच्या भिंतीतूनच झिरपून जाईल आणि बाहेर येईल तेही भिंतीतूनच.

बंद पात्रात जंतू शिरतात तेव्हा

आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जंतू या संसर्गाचा प्रमुख कारक होय. तो बहुधा मूत्रमार्गातून मूत्राशयात आणि तेथून वर मूत्रपिंडात चढतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग आखूड असल्यामुळे त्यांना मूत्रमार्गाचा संसर्ग पुरुषांपेक्षा अधिक होतो, आणि या विकाराच्या रुग्णांतही तसेच आढळते. मूत्रमार्गात नळी घालणे, दुर्बिणीतून तपासणी करणे यांसारख्या प्रसंगीही जंतू वर जाण्याची भीती असते. काही वेळा ते रक्तावाटे येतात. मधुमेह असल्यास किंवा प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे चालू असल्यास धोका वाढतो.

पॅरिस येथील वैद्यांनी या विकाराच्या ३८९ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास करून २००९ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत ३३ रुग्णांना मिळून ४१ वेळा पुटकांचा संसर्ग झाल्याचे आढळले. म्हणजे शंभरातील आठ-नऊ रुग्णांच्या वाट्याला हा उपद्रव आला. जे जंतू हाती लागले त्यांत ई. कोलायचे प्रमाण ७४ टक्के होते. रोज घडणारी गोष्ट ही नव्हे. पण ज्याला हा विकार आहे त्याने आपल्यालाही हे कधीतरी होऊ शकेल असे गृहीत धरून चालणे शहाणपणाचे ठरेल.

लक्षणे ढोबळमानाने तीन: थंडी वाजून येणारा ताप, एका कुशीत अथवा पाठीत नेमक्या जागी होणारी वेदना, आणि गळून गेल्यासारखे वाटणे. वेदनेची जागा रोगी पुष्कळदा एका बोटाने दाखवू शकतो आणि तेथे दाबले असता तो कळवळतो. लघवीची जळजळ असतेच असे नाही. त्यामुळे ‘लघवीचा काही त्रास नाही, म्हणजे हे किडनीचे दुखणे नव्हे’ असा निष्कर्ष रोगी काढतो आणि पावसाळ्याचे दिवस असले तर हिवताप, डेंग्यू किंवा साधा फ्लू समजून दोन-तीन दिवस अंगावर काढतो.

निदानातील अडचणी

मूत्रमार्गाच्या नेहमीच्या संसर्गात लघवीची तपासणी केली की पू-पेशी व जंतू सापडतात आणि निदान झाले असे समजण्यास हरकत नसते. येथे मात्र ती तपासणी दगा देऊ शकते. पुटक बंद आहे. त्यात जंतूंचा सुळसुळाट झाला तरी त्यांतील एकही लघवीत उतरणार नाही, असे घडू शकते. म्हणून लघवीचा अहवाल निर्दोष आला तरी पुटकाचा संसर्ग नाही असे म्हणता येत नाही. ज्या कुटुंबात हा विकार आहे त्या कुटुंबाने ही एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवली तरी तिचा मोठा उपयोग होईल.

यास्तव लघवीबरोबर रक्ताचेही कल्चर, म्हणजे जंतूंची वाढ करून पाहण्याची चाचणी, करावी लागते. आणि ती प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्यापूर्वी करावी लागते. औषध सुरू झाल्यावर घेतलेल्या रक्तात जंतू वाढण्याची शक्यता बरीच घटते. तापाने फणफणलेल्या रोग्याला आधी इंजेक्शन द्यावे असे त्याच्या नातेवाइकांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु रक्ताचे नमुने काढण्यास लागणारी काही मिनिटे पुढील सहा आठवड्यांचा मार्ग ठरवीत असतात. कोणता जंतू आहे व तो कोणत्या औषधाला दाद देतो हे एकदा कळले की अंधारात तीर मारावे लागत नाहीत.

दुसरी अडचण अशी, की या विकारात पोटदुखीची इतरही कारणे असतात. पुटकात रक्तस्राव झाला तरी एकाएकी तीव्र वेदना होते आणि कधी सौम्य तापही येतो. अशा वेळी बहुधा लघवी लाल होते. पुटक बंद असल्यास तेही होत नाही. रक्तस्रावाचा ताप सहसा फार चढत नाही व लवकर उतरतो. या रुग्णांपैकी सुमारे पाचवा हिस्सा लोकांना मुतखडेही होतात. खडा मूत्रमार्गात अडकून वर संसर्ग झाला तर ती स्वतंत्र आणि अतिशय तातडीची अवस्था असते. याखेरीज आंत्रपुच्छाचा किंवा पित्ताशयाचा दाह हे सर्वसामान्य विकार या रुग्णांना होत नाहीत असे थोडेच आहे!

३८ अंश सेल्सिअसहून अधिक ताप तीन दिवसांपेक्षा जास्त टिकणे, मूत्रपिंडाच्या किंवा यकृताच्या जागी स्पर्शासही दुखणे, रक्तातील सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन हा दाहदर्शक घटक बराच वाढलेला असणे, आणि सी. टी. स्कॅनमध्ये पुटकात ताजा रक्तस्राव न दिसणे ही सारी चिन्हे एकत्र आढळल्यास पुटकाचा संसर्ग संभवनीय मानावा, असे पॅरिसच्या उपरोक्त वैद्यांनी सुचविले होते. निर्णायक पुरावा म्हणजे पुटकात सुई घालून काढलेल्या द्रवात पू-पेशी व जंतू सापडणे. परंतु शेकडो पुटकांपैकी सुई घालावयाची कोणत्या?

येथे चित्रणाची साधने उपयोगी पडतात, तरी त्यांनाही मर्यादा आहेत. सोनोग्राफीत संसर्ग झालेल्या पुटकाची भिंत जाड आणि आतील द्रव गढूळ दिसू शकतो. पण जुना रक्तस्राव झालेले पुटकही तसेच दिसते आणि अशी पुटके या विकारात विपुल असतात. येथे एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. रोग्याने आपले जुने सोनोग्राफी व स्कॅनचे अहवाल, आणि शक्य तर चित्रेही, जपून ठेवावीत. मागील वर्षी स्वच्छ दिसणारे पुटक आज गढूळ दिसत असेल तर त्याचा अर्थ निराळा आणि पाच वर्षांपासून गढूळच असेल तर निराळा. जुना कागद हाती असला तर हा उलगडा पाच मिनिटांत होतो.

अधिक खात्रीचे साधन म्हणजे पेट स्कॅन. यात किंचित किरणोत्सर्गी केलेली ग्लुकोजसदृश साखर शिरेतून देतात. जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी साखर अधाशीपणे शोषून घेतात, त्यामुळे दूषित पुटकाची कड चित्रात उजळून निघते. मूत्रपिंडास हानिकारक ठरू शकणारे रंगद्रव्य यासाठी द्यावे लागत नाही, हा आणखी लाभ. मात्र ही तपासणी महाग असून ती मोठ्या शहरांतील निवडक केंद्रांतच होते. सर्वच रुग्णांना तिची गरज नसते. ताप हटत नाही आणि जागा सापडत नाही अशा पेचप्रसंगी तिचा अवलंब करावा.

औषध आत पोहोचावयास हवे

आता मूळ प्रश्न. जंतू बंद पात्रात आहेत. औषध आहे रक्तात. रक्तातले औषध पुटकाच्या भिंतीतून आत गेले तरच जंतू मरतील. पुटकाची भिंत एकमेकींना घट्ट चिकटलेल्या पेशींची बनलेली असते, आणि अशा पेशींमधून पार होण्यासाठी औषधाला पेशीच्या स्निग्ध आवरणात विरघळावे लागते. म्हणून स्निग्ध पदार्थात विरघळणारी औषधे आत जातात आणि केवळ पाण्यात विरघळणारी दारातच अडतात.

१९८० च्या दशकात अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यातील डॉ. विल्यम बेनेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या पुटकांतील द्रव मिळवून त्यात कोणते औषध किती उतरले आहे याचे प्रत्यक्ष मापन केले. जेंटामायसिनच्या गटातील औषधे व पेनिसिलीनच्या गटातील काही औषधे यांचा प्रवेश तुटपुंजा असल्याचे या काळातील संशोधनातून दिसले. याउलट ट्रायमेथोप्रिम-सल्फामेथॉक्साझोल, क्लोरॅम्फेनिकॉल आणि सिप्रोफ्लॉक्सासिन ही औषधे आत पोहोचतात. सिप्रोफ्लॉक्सासिन तर काही पुटकांत रक्तातल्याहूनही अधिक प्रमाणात साठते. योग्य म्हणून गणलेली इंजेक्शने देऊनही पूर्वी रुग्ण बरे का होत नसत, याचे एक उत्तर या मोजमापांनी दिले.

मात्र आपल्या देशात आज प्रश्न एवढ्यावर सुटत नाही. पुटकात शिरणारी सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधे गेली कित्येक वर्षे जुलाबापासून सर्दीपर्यंत कशासाठीही, कित्येकदा चिठ्ठीवाचून, घेतली गेली. परिणामी आपल्याकडील ई. कोलाय जंतूंचा फार मोठा भाग या औषधांना आता जुमानत नाही. असे निर्ढावलेले जंतू मेरोपेनेमसारख्या प्रबळ औषधांना अद्याप पुष्कळदा बळी पडतात. पण ही औषधे दूषित पुटकांत अल्प प्रमाणातच उतरतात, असे जपानमधील वैद्यांनी २०१८ मध्ये दाखवून दिले. जे औषध आत जाते ते जंतूला मारत नाही आणि जे जंतूला मारते ते पुरेसे आत जात नाही, असा हा पेच आहे. कल्चरच्या अहवालाला एवढे महत्त्व का, हे यावरून ध्यानात येईल. सर्दीसाठी घेतलेल्या अनावश्यक गोळ्यांची किंमत कोण मोजतो, याचेही हे एक ठळक उदाहरण होय.

उपचाराची सर्वसाधारण पद्धती अशी: रोग्याला रुग्णालयात दाखल करून आरंभी शिरेतून औषधे देतात. कल्चरचा अहवाल आला की त्यानुसार औषध बदलतात आणि शक्य असेल तर पुटकात शिरणाऱ्या औषधाची योजना करतात. ताप उतरला, दुखणे थांबले की पोटात घ्यावयाच्या गोळ्या सुरू होतात. एकूण उपचार चार ते सहा आठवडे चालू ठेवावेत, असे सांगितले जाते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांतही हीच शिफारस आहे.

हे चार ते सहा आठवडेच रोग्याला सर्वांत जड जातात. ताप पहिल्या आठवड्यात उतरलेला असतो. माणूस हिंडूफिरू लागतो, शेतीची किंवा रोजंतीची कामे खोळंबलेली असतात, गोळ्यांचा खर्च डोळ्यांसमोर असतो. आपण बरे झालो असे त्याला मनापासून वाटते आणि दहाव्या दिवशी गोळ्या बंद होतात. पुटकात मात्र थोडे जंतू तग धरून असतात. तेथे औषध मुळातच सावकाश जाते आणि तेथील पू वाहून जाण्यास वाट नसते. तीन आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा दुखू लागते, पुन्हा हुडहुडी भरते. आणि या खेपेचे जंतू मागच्या औषधाशी परिचित झालेले असतात. अशा रोग्याला दोष देणे सोपे आहे. परंतु ‘सहा आठवडे’ हा आकडा त्याला सांगितला गेला होता, तरी बंद पिशवीची गोष्ट त्याला कोणी समजावून दिली होती काय, हेही विचारावयास हवे.

औषधांचे स्वतःचे धोकेही असतात व ते या रुग्णांत अधिक जपावे लागतात. जेंटामायसिनच्या गटातील औषधे मूत्रपिंडास अपाय करू शकतात. ट्रायमेथोप्रिममुळे रक्तातील पोटॅशियम वाढू शकते. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातील औषधांनी टाचेमागील स्नायुबंध दुखावण्याचा संभव असतो, तसेच महारोहिणीच्या भिंतीला फुगवटा असणाऱ्यांनी ती टाळावीत असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला होता. मूत्रपिंडाची कार्यक्षमता घटली असेल तर मात्राही कमी करावी लागते. म्हणून शेजाऱ्याच्या अथवा भावाच्या चिठ्ठीवरून, तो भाऊ याच विकाराचा रुग्ण असला तरीही, औषध आणू नये. वेदनेसाठी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या दुकानातून परस्पर घेणे तर मूत्रपिंडाला थेट इजा करणारे ठरू शकते. पॅरासिटामॉलने भागत नसेल तर डॉक्टरांना विचारावे.

द्रव बाहेर काढणे

योग्य औषधे चालू असूनही तीन ते पाच दिवसांत ताप व दुखणे हटले नाही, किंवा पुटक पाच सेंटिमीटरहून मोठे असले, तर त्यातील पू काढून टाकण्याचा विचार करावा लागतो. सोनोग्राफीच्या किंवा स्कॅनच्या साहाय्याने त्वचेतून सुई घालून, जरूर तर बारीक नळी ठेवून, हे काम करतात. पोट उघडावे लागत नाही. काढलेला द्रव तपासणीसाठी गेला की जंतूची ओळख पटते, हा दुहेरी फायदा. रोगी या सुईला भितात. ‘पिशवी फुटेल व विष अंगभर पसरेल’ अशी समजूत आढळते. वस्तुतः दबलेला पू आत राहणेच रक्तात जंतू पसरण्यास कारणीभूत होते.

यकृतातील पुटके

या विकारात पुटके केवळ मूत्रपिंडातच होतात असे नव्हे. प्रौढ रुग्णांपैकी बहुसंख्यांच्या यकृतातही ती असतात. स्त्रियांत, विशेषतः अनेक बाळंतपणे झालेल्यांत, ती अधिक मोठी होण्याकडे कल असतो. यकृताचे कार्य त्यांमुळे सहसा बिघडत नाही. पण त्यांतही जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि तो आतड्यातून अथवा पित्तनलिकांतून येतो. उजव्या बरगड्यांखाली दुखणे, ताप, कधी उजव्या खांद्यात कळ ही त्याची लक्षणे. मूत्रपिंडाचा विकार ठाऊक असलेला रोगीही या दुखण्याचा संबंध त्याच्याशी जोडीत नाही. उपचारांची तत्त्वे वरीलप्रमाणेच. द्रव काढण्याची वेळ मात्र येथे अधिक वेळा येते आणि संसर्ग पुन्हा उलटण्याची प्रवृत्तीही अधिक दिसते.

रोग्याने व कुटुंबीयांनी काय करावे?

मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गाची लक्षणे, म्हणजे जळजळ, वारंवार लघवीला जावे लागणे, ती गढूळ अथवा दुर्गंधियुक्त होणे, ही या रुग्णांनी, विशेषतः स्त्रियांनी, दुर्लक्षू नयेत. जंतू वर चढण्याआधी त्यांना अडविणे सोपे असते. शेतावर किंवा बाजारात दिवसभर राबणाऱ्या स्त्रिया स्वच्छतागृहाअभावी पाणी कमी पितात व लघवी तुंबवून ठेवतात. त्यांच्या बाबतीत हा प्रश्न केवळ वैयक्तिक सवयीचा राहत नाही. डॉक्टरांनी मना केले नसेल तर पाणी भरपूर प्यावे. मूत्रमार्गात नळी किंवा दुर्बीण घालण्याचा प्रसंग आल्यास आपल्याला हा विकार असल्याचे आधी सांगावे. कुस्ती, कबड्डी यांसारखे पोटावर आघात होणारे खेळ टाळावेत, कारण आघाताने पुटकात रक्तस्राव होऊ शकतो.

३८ अंशांवरील ताप आणि कुशीत दुखणे ही दोन्ही एकत्र आली तर त्याच दिवशी वैद्यकीय सल्ला घ्यावा. आणि हुडहुडी, भोवळ, धाप, लघवी कमी होणे यांपैकी काही असेल तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. तेथे पहिले वाक्य ‘ताप आला आहे’ असे न म्हणता ‘मला पॉलिसिस्टिक किडनीचा विकार आहे आणि ताप आला आहे’ असे म्हणावे.

घरातील इतरांची तपासणी हाही या विषयाचाच भाग आहे. ज्याच्या आई किंवा वडिलांना विकार आहे अशा १५ ते ३९ वर्षे वयाच्या व्यक्तीच्या दोन्ही मूत्रपिंडांत मिळून तीन किंवा अधिक पुटके सोनोग्राफीत दिसली तर विकार असल्याचे मानतात. ४० ते ५९ वर्षे वयात प्रत्येक मूत्रपिंडात किमान दोन आणि साठीनंतर प्रत्येकी किमान चार पुटके दिसावी लागतात. तिशीच्या आतील तपासणी निर्दोष आली तरी ती कायमची हमी नसते. आपल्याकडे, विशेषतः मुलामुलींची लग्ने व्हावयाची असताना, ‘आमच्या घराण्यात किडनीचा दोष नाही’ असे सांगून ही तपासणी टाळली जाते. त्यामुळे दोष टळत नाही. ज्याला तो आहे त्याचा रक्तदाब मात्र वर्षानुवर्षे मोजलाच जात नाही, आणि पहिल्याच गंभीर तापात डॉक्टरांना मुळापासून शोध सुरू करावा लागतो.

पुटकांची वाढ मंदावणारे टोलवॅप्टन हे औषध २०१४ मध्ये जपानने आणि २०१८ मध्ये अमेरिकेने या विकारासाठी मान्य केले. ते निवडक रुग्णांना उपयोगी आहे. संसर्गावरील औषध मात्र ते नव्हे.

प्रत्यारोपणाची वेळ येते तेव्हा

मूत्रपिंडे निकामी झाल्यावर डायलिसिस किंवा प्रत्यारोपण हे दोन मार्ग उरतात. केंद्र शासनाने २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू केला असून आपल्या राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस व मूत्रपिंड प्रत्यारोपण या दोहोंचा समावेश आहे. नवे मूत्रपिंड बसविताना जुनी बहुधा जागीच ठेवतात. डायलिसिस सुरू झाले किंवा नवे मूत्रपिंड बसले म्हणजे जुन्या पुटकांचा संसर्ग होत नाही असे नव्हे. ज्याला असा संसर्ग वारंवार झाला आहे त्याचे एक किंवा दोन्ही जुनी मूत्रपिंडे प्रत्यारोपणापूर्वी काढून टाकण्याचा निर्णय घ्यावा लागतो, कारण पुढे जन्मभर घ्यावयाच्या औषधांनी प्रतिकारशक्ती दडपलेली राहणार असते आणि दबा धरून बसलेले जंतू त्या वेळी अधिक घातक ठरतात.

मूत्रपिंड देण्यास बहुधा भाऊ, बहीण किंवा मुलगा-मुलगी पुढे येतात. या विकारात त्यांनाही तो असण्याचा संभव असल्यामुळे सोनोग्राफी, वय लहान असल्यास अधिक सूक्ष्म चित्रण आणि गरज पडल्यास जनुकीय चाचणी करून मगच त्यांचा स्वीकार होतो. अनेक घरांतील धाकट्या भावाला आपला विकार पहिल्यांदा कळतो तो थोरल्यास मूत्रपिंड देण्यासाठी तो तपासणीच्या टेबलावर आडवा झाल्यावरच.